आमच्या गल्लीची मोरी नगरपालिकेत कशी मंजूर झाली

२०१७ च्या सप्टेंबरात एका रात्री आमच्या घरात गुडघाभर गटाराचं पाणी आलं. पाऊस तसा दोन तासांचाच होता, पण आमची गल्ली उताराच्या तळाला, वरच्या तीन कॉलन्यांचं पाणी आमच्याच कोपऱ्यावर येतं आणि तिथं रस्त्याखालून एक जुना तीनशे एमएमचा पाईप होता, तो तुंबला की पाणी आधी रस्त्यावर आणि मग ओट्यावरून सरळ घरात. सासूबाईंना कॉटवर बसवलं, कॉटच्या पायांखाली विटा घातल्या, गव्हाचं पोतं टेबलावर चढवलं आणि मी आणि मुलगी पहाटेपर्यंत घमेल्यानं पाणी बाहेर टाकत होतो. मुलगी तेव्हा आठवीत होती, तिची वह्या-पुस्तकं सगळी गेली.

सकाळी गल्लीतले सगळे कोपऱ्यावर जमले आणि म्हणाले नगरपालिकेत गेलं पाहिजे. पण कुणाकडं जायचं, काय घेऊन जायचं, अर्ज दिल्यावर त्याचं पुढं काय होतं, हे एकालाही नीट माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, आणि नगरपालिका म्हणजे घरपट्टी भरायची खिडकी एवढीच माझी ओळख होती. तिथून मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी न्यायचा नवा मोठा पाईप, पूर्ण व्हायला तीन वर्षं लागली. त्यात जे बघितलं ते लिहून ठेवतेय, कारण आता परत निवडणूक होऊन नवी बॉडी बसलीय आणि गल्लीतली नवीन लोकं मला तेच प्रश्न विचारतायत जे मी तेव्हा विचारत होते.

गावाचं नाव लिहीत नाही. आमची ब वर्ग नगरपालिका, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजार ते एक लाखाच्या मधली, आमची पन्नास हजाराच्या आसपास. २५ नगरसेवक, आणि नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला. २०१६ च्या निवडणुकीत आम्ही तीन मतं दिली होती, प्रभागातल्या अ जागेसाठी एक, ब जागेसाठी एक आणि नगराध्यक्षासाठी एक. त्यामुळं पहिलाच प्रश्न, आमचे नगरसेवक दोन, एक दादा आणि एक ताई, दोघं वेगवेगळ्या पक्षांचे, मग जायचं कुणाकडं? आम्ही दादांकडं गेलो कारण ते ओळखीचे. ते त्याच दिवशी आले, चिखलातून फिरले, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी पाईप साफ करायला माणसं पाठवली. आम्हाला वाटलं काम झालं. पुढच्या महिन्यात परत पाणी आलं.

मग मी स्वतः अर्ज लिहिला. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, गल्लीतल्या ४१ घरांच्या सह्या घेऊन, फोटो जोडून. आणि इथंच पहिली गोष्ट शिकले, अर्ज दिला म्हणजे झालं नाही, आवक-जावकच्या टेबलावर त्याच्यावर नंबर पडला पाहिजे आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेऊन पोच मिळाली पाहिजे. तिथल्या क्लार्कबाईंनी मला हळूच सांगितलं, ताई, एक प्रत नगराध्यक्षांच्या नावानं पण द्या आणि दोन्ही नगरसेवकांना पण द्या. मी म्हटलं का? त्या म्हणाल्या मुख्याधिकारी साहेब सरकारचे, ते कामाचा कागद तयार करतात, पण सभा बोलवायची आणि विषय सभेपुढं घ्यायचा ते नगराध्यक्षांच्या हातात, आणि सभेत तुमच्या विषयावर बोलणार नगरसेवक. मला वाटायचं मुख्याधिकारी म्हणजे नगराध्यक्षांच्या हाताखालचा माणूस, तसं नाहीये. मुख्याधिकाऱ्यांची नेमणूक आणि बदली राज्य सरकार करतं, नगराध्यक्षांना आपण निवडतो, आणि एका कामाच्या फाईलवर दोघांच्याही सह्या लागतात. त्या दोघांचं पटलं नाही की फाईल कपाटातच राहते, हे नंतर डोळ्यानं बघितलं.

कनिष्ठ अभियंता, म्हणजे सगळे ज्यांना जेई म्हणतात ते, डिसेंबरात टेप घेऊन आले. तरुण मुलगा, चांगला होता. त्यानं सांगितलं इथं सहाशे एमएमचा ह्यूम पाईप, म्हणजे सिमेंटचा पाईप, टाकायला लागेल, दोन चेंबर, रस्ता फोडून परत करायचा, एस्टिमेट साधारण साडेनऊ लाख होईल. मी विचारलं मग कधी करताय? तो म्हणाला ताई, बजेटमध्ये हेड नाहीये, म्हणजे या कामाच्या खर्चाचं खातंच नाही.

तेव्हा बजेट हा प्रकार समजून घ्यायला बसले. नगरपालिकेत एक गोंधळ असा की कामाच्या एस्टिमेटलाही अंदाजपत्रक म्हणतात आणि वर्षाच्या बजेटलाही अंदाजपत्रकच म्हणतात, त्यामुळं कुणी "अंदाजपत्रकात घेतलंय" म्हटलं की नेमकं कशात घेतलंय ते विचारायला लागतं. वर्षाचं बजेट मुख्याधिकारी तयार करतात, ते स्थायी समितीतून जातं आणि फेब्रुवारी संपायच्या आत खास सभेत मंजूर व्हावं लागतं. मी माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून आदल्या वर्षाच्या बजेटची प्रत मागितली, ती मिळाली, आणि हिशेबाची सवय असल्यामुळं दोन रात्री बसून वाचली. पेपरात आलं होतं इतक्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर. आत बघितलं तर त्यातला फार मोठा भाग योजनांच्या अनुदानाचा, यायच्या आधीच जमेला धरलेला. नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वित्त आयोग, रस्ता अनुदान. हे पैसे आले तरी त्या त्या कामालाच वापरायचे. नगरपालिकेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराच्या पावत्या, बांधकाम परवानग्यांचं विकास शुल्क, बास. पूर्वी जकात होती, ती नगरपालिकांची १९९९ मध्ये बंद झाली आणि त्याच्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान येतं, ते पगार-पेन्शनमध्येच संपतं. म्हणजे २५ निवडून आलेली माणसं ज्याच्याबद्दल खरोखर मोकळेपणानं ठरवू शकतात अशी रक्कम किती राहते, तर फारच थोडी. हे कळल्यावर नगरसेवकांबद्दलचा माझा राग निम्मा झाला. आमच्याकडं लोकं म्हणतात हे लोक काही करत नाहीत, आणि काही जण खरंच करत नाहीत, पण करायला हातात काय आहे हे कुणी बघत नाही. आणि घरपट्टी? आमच्याच गल्लीत निम्म्या लोकांची थकलेली होती. सह्या गोळा करताना मी ते पण सगळ्यांना सांगितलं आणि काहींना ते आवडलं नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीतलं बजेट आम्हाला जमलं नाही असं समजून मी गप्प बसले होते, पण ताई म्हणाल्या, म्हणजे आमच्या दुसऱ्या नगरसेविका, की चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीत गटर आणि पावसाच्या पाण्याची कामं बसतात, त्यातून विषय घेता येईल. ह्या ताईंबद्दल सांगायला पाहिजे. महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या, आधी सगळे म्हणायचे की कारभार नवराच बघतो, आणि पहिलं वर्ष तसंच होतं, फोन नवराच उचलायचा. पण पाणीपुरवठा समितीत गेल्यावर त्या स्वतः टाकीवर जाऊन बसायला लागल्या, व्हॉल्व्हमनशी बोलायला लागल्या, आणि दुसऱ्या वर्षी त्यांना कुठल्या गल्लीत पाणी कधी सुटतं हे तोंडपाठ होतं. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत त्या २०११ पासून. मी त्यांच्यात झालेला बदल जवळून बघितलाय म्हणून लिहितेय.

ताईंनी विषय सुचवला, जेईनं एस्टिमेट जोडलं, मुख्याधिकाऱ्यांनी टिपणी लिहिली, आणि जूनमध्ये विषयपत्रिका निघाली. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, विशेष सभेची तीन दिवस. ती नोटीस नगरपालिकेच्या बोर्डावर पण लागते, मी मोबाईलवर फोटो काढून आणला. ४२ विषय होते. आमचा २७ वा, "प्रभाग क्र. ७ मधील अमुक गल्ली येथे आरसीसी पाईप मोरी व बंदिस्त गटर बांधणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे". आपल्या गल्लीचं नाव सरकारी कागदावर छापून आलेलं बघून मला खरंच भरून आलं.

आणि तेव्हाच कळलं की सभा लोकांना बघता येते. कायद्यातच आहे, १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, त्यात सभा लोकांसाठी खुली असते असं म्हटलंय, अध्यक्षांनी एखादा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. आमच्यापैकी कुणी कधी गेलंच नव्हतं. मी, कोपऱ्यावरच्या काकू आणि एक रिटायर्ड मास्तर असे तिघं गेलो. शिपायानं विचारलं कोण तुम्ही, मी म्हटलं नागरिक, सभा बघायला आलोय, तर तो आत जाऊन विचारून आला आणि मागं तीन खुर्च्या दिल्या. बोलायचं नाही एवढं सांगितलं.

वर स्टेजवर मधोमध नगराध्यक्ष, शेजारी मुख्याधिकारी, बाजूला खात्यांचे प्रमुख फाईली घेऊन. खाली घोड्याच्या नालेसारखी टेबलं, एका बाजूला सत्ताधारी गट, दुसऱ्या बाजूला विरोधी, आणि टोकाला स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेले, ज्यांना बोलता येतं पण मत देता येत नाही. पहिला विषय नेहमी एकच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. क्लार्क वाचायला लागला, कुणीतरी म्हणालं वाचलं असं समजा, पण विरोधी गटातले एक ज्येष्ठ सदस्य उठले आणि म्हणाले नाही, पान चारवर मी विरोध नोंदवला होता तो लिहिलेला नाही. त्याच्यावर वीस मिनिटं गेली. मला तेव्हा वाटलं किती हा वेळ घालवणं. पुढं कळलं की जे इतिवृत्तात नाही ते झालंच नाही असं धरतात, कोर्टात असो की कलेक्टरकडं, कागद तोच बघितला जातो, म्हणून ते भांडत होते आणि ते बरोबर होतं.

पुढचे विषय भराभर गेले. सचिव वाचणार, एक जण सूचक, एक जण अनुमोदक, मंजूर. काहींवर तर कुणी मान पण वर केली नाही. मास्तर मला हळूच म्हणाले हे सगळं आधीच ठरलंय. ते खरं होतं. सभेच्या आदल्या संध्याकाळी सत्ताधारी गटाची बैठक होते, विरोधी गटाची वेगळी होते, कुठल्या विषयाला हो म्हणायचं, कुठला तहकूब करायचा, कुणाच्या प्रभागाचं काम आधी घ्यायचं, ती ओढाताण तिथं होते. गटनेता सांगतो त्याच्याविरुद्ध मत दिलं की अपात्र व्हायची भीती, म्हणून हॉलमध्ये सहसा कुणी आपल्या गटाच्या विरुद्ध हात वर करत नाही. घंटागाडीच्या ठेक्याचा विषय मात्र दीड तास चालला, आवाज चढले, विरोधी गटानं लेखी विरोध दिला आणि पुढं कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं गेले, त्या कलमाखाली जिल्हाधिकारी नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. तेव्हा मला धडकी भरली होती की एकाच सभेतला म्हणून आमचाही ठराव अडकेल, पण तसं नसतं, ठराव प्रत्येक विषयाचा वेगळा असतो.

२७ नंबर आला. ताई सूचक म्हणून उठल्या. दादांनी अनुमोदन दिलं, दोघं विरुद्ध पक्षांचे असून. मला वाटलं झालं. तेवढ्यात विरोधी बाजूच्या एक नगरसेविका उठल्या, नाल्याकाठच्या वस्तीच्या प्रभागातल्या, आणि म्हणाल्या, "सहाशेचा पाईप टाकून पाणी पुढं जाणार कुठं?"

सगळे गप्प. जेईकडं बघितलं. त्या म्हणाल्या आत्ता तीनशेचा पाईप आहे म्हणून पाणी वर तुंबतं, पण तुंबतं म्हणूनच आमच्याकडं हळूहळू येतं, तुम्ही पाईप मोठा केला तर तेच पाणी एका वेळी आमच्या वस्तीत घुसेल, खालचं गटर उघडं आहे, दीड फुटाचं, त्याला कठडा पण नाही. नगर अभियंता म्हणाले खालचा भाग या एस्टिमेटमध्ये नाही. नगराध्यक्षांनी विषय तहकूब केला, खालच्या टप्प्यासह सुधारित अंदाजपत्रक तयार करून पुढच्या सभेत ठेवा.

मी घरी येताना रडले. त्या बाईंचा इतका राग आला होता. पावसाळा सुरू झालेला, सर्वसाधारण सभा साधारण दोन महिन्यांनी एकदा, म्हणजे हा पावसाळा गेलाच. काकू पण म्हणाल्या मुद्दाम केलं, पक्षाचं राजकारण. दोन दिवसांनी मी खालच्या वस्तीत गेले, पहिल्यांदाच. घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर, आणि इतकी वर्षं मी तिकडं गेले नव्हते. तिथं गटराच्या कडेलाच घरं, दारात पाऊल टाकलं की गटर, आणि भिंतींवर मागच्या सप्टेंबरच्या पाण्याची रेघ माझ्या कमरेच्या वर. आमच्याकडं गुडघाभर होतं. तिथल्या एका आज्जींनी मला चहा दिला आणि विचारलं तुमच्याकडं पण येतं का पाणी? आमच्या अर्जावर त्यांची एकही सही नव्हती कारण आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

मी परत अर्ज लिहिला, या वेळी दोन्ही वस्त्यांच्या सह्या घेऊन, ११६ घरं. त्या नगरसेविकांकडं गेले, त्या घरी भाकरी करत होत्या, म्हणाल्या बसा. मी सांगितलं की मी तुमच्यावर चिडले होते. त्या म्हणाल्या मला माहितीय, तुम्ही मागं बसून माझ्याकडं कशा बघत होतात ते मी बघितलं होतं. त्यांनी मग नगर अभियंत्याला दोनदा वस्तीत आणलं, नाल्यापर्यंतची लांबी मोजून घेतली. सुधारित एस्टिमेट झालं जवळपास २३ लाख. ऑगस्टच्या सभेत विषय परत आला, या वेळी सूचक ताई आणि अनुमोदक त्या, आणि सर्वानुमते मंजूर. मी मागच्या खुर्चीवर होते. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही, हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. ठराव लिहून त्यावर सही होऊन नक्कल बांधकाम विभागात यायला महिना गेला. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे वरच्या कार्यालयातला अधिकार असलेला इंजिनिअर एस्टिमेट तपासतो, दर दरसूचीप्रमाणं आहेत का बघतो, तिथून दोन शंका काढून फाईल परत आली, दुरुस्त होऊन परत गेली. मग ई-निविदा. पहिल्या वेळी पुरेसे ठेकेदार आले नाहीत म्हणून परत निविदा. मग आलेला दर स्थायी समितीत मंजूर व्हायचा. ती समिती कमी माणसांची, नगराध्यक्ष, विषय समित्यांचे सभापती आणि आणखी थोडे सदस्य, आणि पैशाच्या दृष्टीनं तिचं वजन मोठं, पण तिच्याकडं गावाचं लक्ष नसतं. दर मंजूर होऊन वर्क ऑर्डर निघायच्या आधी १० मार्च २०१९ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. मे अखेरपर्यंत सगळं बंद. जूनमध्ये फाईल हलली, ठेकेदार अनामत भरायला उशीर करत राहिला, ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला आणि आमच्याकडची सगळी यंत्रणा तिकडं मदतीला गेली, ते जायलाच पाहिजे होतं. सप्टेंबरात विधानसभेची आचारसंहिता. या सगळ्या काळात मी दर पंधरा दिवसांनी बांधकाम विभागात जायची आणि फाईल कुठल्या टेबलावर आहे एवढंच विचारायची. भांडले नाही कुणाशी. वहीत तारीख आणि टेबल लिहून ठेवायची. जेई म्हणायचा ताई तुमची वही आमच्या रजिस्टरपेक्षा पक्की आहे.

डिसेंबरात वर्क ऑर्डर, फेब्रुवारी २०२० मध्ये जेसीबी आला. खालून, नाल्याकडून काम सुरू करायचं असं त्या नगरसेविकांनी ठामपणे सांगितलं होतं, तसंच केलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा खालचा टप्पा पूर्ण आणि आमची गल्ली खणलेली. मजूर गावाला निघून गेले. आम्ही फळ्या टाकून ये-जा केली, सासूबाईंना तीन महिने घराबाहेर काढता आलं नाही. जूनमध्ये थोडी माणसं परत आली, ऑक्टोबरमध्ये शेवटचं चेंबर बसलं. बिल काढायच्या आधी बाहेरच्या तांत्रिक तपासणीवाल्यांनी येऊन पाईपची जाडी आणि काँक्रीट तपासलं. त्याच महिन्यात परतीचा पाऊस जोरात झाला, रात्री मी बॅटरी घेऊन कोपऱ्यावर उभी होते. पाणी आवाज करत खाली गेलं. रस्त्यावर एक थेंब तुंबला नाही. खालच्या आज्जींना सकाळी फोन केला, त्या म्हणाल्या कोरडं आहे.

मी इथंच थांबले असते, पण पुढचं लिहायला पाहिजे. डिसेंबर २०२१ ला बॉडीची पाच वर्षांची मुदत संपली. घटनेतच लिहिलंय की मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला पाहिजे. पण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुप्रीम कोर्टात, प्रभाग रचनेचा वाद, आणि नगरपालिकेवर प्रशासक आला. महिने, मग वर्षं. प्रशासक असताना सभा म्हणजे एकच माणूस. प्रस्ताव तोच मागवतो, ठराव तोच करतो, अंमलबजावणी पण तोच. मी त्या साहेबांना वाईट म्हणणार नाही, माणूस कामाचा होता, फाईल लवकर हलायची, लोकं म्हणायची बघा नगरसेवक नाहीत तर किती छान चाललंय. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटलं.

मग आमच्या वरच्या रस्त्याचं डांबरीकरण झालं. जुना थर न काढता त्यावरच नवा थर, आणि रस्ता पाच-सहा इंच वर आला. चेंबरची झाकणं खाली राहिली, दोन तर डांबराखालीच गेली. पाणी आता चेंबरमध्ये जायच्या ऐवजी रस्त्याच्या कडेनं वस्तीकडं वळतं. २०२३ च्या पावसाळ्यात खालच्या चार घरांत परत पाणी गेलं. मी प्रशासकांना भेटले, त्यांनी नीट ऐकून घेतलं, बघतो म्हणाले, तीन महिन्यांनी त्यांची बदली झाली आणि नवीन साहेबांना परत पहिल्यापासून सांगितलं. त्या कामाचा ठराव मी मागवून वाचला. एका पानाचा, बिनचूक, सगळ्या मान्यता जागच्या जागी. त्यात फक्त एक गोष्ट नव्हती, पाणी पुढं जाणार कुठं हे विचारणारं कुणी त्या खोलीत नव्हतं. पूर्वीच्या हॉलमध्ये नाल्याकाठची एक बाई होती, जिला दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत तोंड दाखवायचं होतं. चार वर्षं ती खुर्ची रिकामी राहिली, हे मला अजूनही सहन होत नाही, आणि याबद्दल गावात कुणी मोर्चा काढला नाही हे तर त्याहून जास्त.

६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि २ डिसेंबरला मतदान झालं. आमचा प्रभाग सातचा नऊ झालाय, खालची वस्ती आणि आमची गल्ली आता एकाच प्रभागात. परत तीन मतं. प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला मी रस्त्याची उंची आणि गाडलेल्या चेंबरची जागा दाखवली, पायानं ठोकून. एका मुलीनं, पहिल्यांदाच उभी राहिलेली, फोनमध्ये लोकेशन घेऊन ठेवलं. ती निवडून आलीय. पूर्वीच्या ताई या वेळी उभ्या नव्हत्या, दादा पडले.

नवीन बॉडीच्या सुरुवातीच्या सभा उपाध्यक्ष, स्वीकृत सदस्य आणि विषय समित्या यांच्यातच जातात, त्यामुळं कामाचा विषय लगेच येत नाही हे आता मला माहितीय. मी अर्ज तयार केलाय, दोन चेंबर उघडून उंच करणे आणि वरच्या वळणावर पाणी अडवायला आडवी जाळीची गटर करणे. १३८ घरांच्या सह्या आहेत, पहिली सही खालच्या आज्जींची, त्यांना आता दिसत नाही म्हणून अंगठा. प्रती चार केल्या, मुख्याधिकारी, नगराध्यक्ष, दोन नगरसेवक. सोमवारी आवकला दिला आणि पोच घेतली. त्या जुन्या क्लार्कबाई रिटायर झाल्यात, नवीन मुलगा शिक्का मारताना म्हणाला काकू बजेटच्या आत आणलात ते बरं केलंत. फेब्रुवारीच्या सभेला मागच्या खुर्च्यांवर या वेळी आम्ही सात जणी जाणार आहोत.